पेशंट सध्या कुठे बसला आहे?

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि चुकून बसलाच तर मला तुमच्या प्रकृतीची काळजी वाटेल, असं मी चौकशी समितीला सुरुवातीलाच सांगून टाकलं. जन्मभर डॉक्टरकी केली. वाईट बातमी आधी सांगून मोकळं व्हायची सवय हाडात मुरली आहे.

समिती म्हणजे पडद्यावरच्या दोन चौकटी. एकीत अध्यक्षबाई. स्वतः मोठ्या डॉक्टर, आवाज असा की ऐकणाऱ्याने आपण होऊन जीभ बाहेर काढावी. दुसरीत राज्याच्या वैद्यक परिषदेचे सचिव. त्यांनी कॅमेरा अशा कोनात लावला होता की त्यांचं फक्त कपाळ आणि छताचा पंखा दिसे, त्यामुळे नियम नेमका कपाळ वाचतंय की पंखा, हे शेवटपर्यंत मला कळलं नाही. तिसऱ्या चौकटीत मी, वर कोट, खाली पायजमा. घरबसल्या डॉक्टरकी केल्याबद्दल माझी घरबसल्या चौकशी चालली होती.

आरोप समजायला सोपा आहे. पडद्यावरून औषध द्यायचं तर पेशंट त्या क्षणी ज्या राज्यात बसला असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे पाहिजे. डॉक्टर कुठे बसलाय याचं कुणाला सोयरसुतक नाही. शिवाय झोपेच्या जालीम गोळ्या नुसत्या पडद्यावरून द्यायच्याच नाहीत. पेशंटला निदान एकदा तरी समोर बसवून, हात लावून तपासलेलं पाहिजे. मी एका गृहस्थांना तसली गोळी लिहून दिली होती. त्यांचे कॉल परक्या राज्यांतून आल्याची नोंद होती, आणि चिठ्ठीवर पत्ता होता माझ्या स्वतःच्या घराचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचं समाधानकारक उत्तर द्यायचं, नाहीतर डॉक्टरांच्या यादीतून माझं नाव कमी.

नाव कमी होणं म्हणजे काय, हे डॉक्टर नसलेल्याला सांगून कळायचं नाही. दारावरची पितळी पाटी उतरवली की तिच्यामागे उरतो तो फक्त एक म्हातारा. त्याला बायको सकाळी दूध आणायला पाठवते आणि सुट्टे पैसे परत मागते. पाटी आहे तोवर निदान सुट्टे तरी माझ्या खिशात राहतात.

पडद्यावरची डॉक्टरकी ही चिरंजीवांची कल्पना. दवाखाना बंद केल्यापासून मी घरात फार बोलतो अशी तक्रार होती, तेव्हा बोलणं जरा बाहेर वळवावं, एवढाच उद्देश. मागच्या खोलीत टेबल मांडलं. खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब सल्ला द्यायला आले आणि जेवायच्या वेळेपर्यंत थांबले. त्यांच्या मते डॉक्टरच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसलंच पाहिजे, पेशंटचा निम्मा आजार तिथेच पळतो. माझी वैद्यकाची पुस्तकं पावशेर निघाली, म्हणून वकीलसाहेबांनी आपली कायद्याची आणून लावली. पडद्यावर नावं दिसत नाहीत, जाडी दिसते. बायकोची अट एकच होती: पेशंट कितीही गंभीर असो, दुपारी कुकरची शिट्टी झाली की तिला हूं का चूं करायचं नाही.

कॉल आला की कोपऱ्यात नकाशा उघडायचा. त्यावर पेशंटचा एक निळा ठिपका, आणि खाली राज्याचं नाव. मी त्या ठिपक्याला फारसं मोजत नव्हतो. मग तो गाडीवाला आला. मालाचा ट्रक चालवता चालवता पोटात कळा येतात म्हणून त्याने कॉल लावला होता. मी औषध सांगत होतो, जेवणाआधी एक आणि रात्री, एवढं बोललो आणि खालचं नाव बदललं. हद्द ओलांडली होती. मी तोंड मिटलं. तो ओरडतोय, रात्री किती, रात्री किती, आणि मी त्याला हातवारे करून सांगतोय की बाबा, गाडी मागे घे. त्याने भर रस्त्यात ट्रक मागे घेतला. मागच्या गाड्यांनी जे हॉर्न वाजवले ते मी माझ्या मागच्या खोलीत ऐकले. नाव परत आपल्या राज्याचं झालं तेव्हा मी म्हटलं, दोन. वकीलसाहेबांनी पुढे आठवडाभर मला घोळात घेतलं, की मागची चाकं आपल्या राज्यात असली तरी ड्रायव्हर पुढे बसतो, म्हणजे पोट परराज्यातच होतं. तेव्हापासून मी ठिपक्याकडे बघितल्याशिवाय पेशंटला नमस्कारही करत नसे.

हे सांगताना सचिवांचं कपाळ हललं. हसले असावेत. मग मी ठिपकेरावांवर आलो.

दुपारची वेळ होती. ती वेळ अशी की आमच्या इमारतीत जिन्यावरची मांजरं सुद्धा पाय न वाजवता चालतात. कॉल आला तेव्हा ठिपका फार लांब होता. आमचं राज्य, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, त्याच्याही टोकाला. पडद्यावर एक खोली. हिरवट भिंत, ओल धरल्यासारखी. खिडकी दिसत नव्हती, दिवा दिसत नव्हता, तरी खुर्चीतला माणूस लख्ख दिसत होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसवल्यासारखा.

“झोप येत नाही,” ते म्हणाले. आणि मग त्यांचे ओठ हलले.

नीट ऐका. आधी ओठ आणि मागून रखडत आवाज, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे आवाज आधी येत होता. मी मनात म्हटलं, नेटवर्क फारच चांगलं आहे.

“कधीपासून?”

“घरच्यांनी अंथरूण गुंडाळलं तेव्हापासून.”

मला वाटलं, सुनेचा जाच असणार. या वयात माणसाचं अंथरूण हॉलमध्ये येतं, मग बाल्कनीत जातं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मी त्यांना धीर दिला, चहा कमी करा म्हटलं, आणि खेदाने सांगितलं की आपण बसलात त्या राज्याचा परवाना माझ्याकडे नाही, तिथल्याच एखाद्या डॉक्टरला दाखवा. त्यावर ते म्हणाले की इथले डॉक्टर माझ्याकडे बघत नाहीत. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात ते कुणाकडेच बघत नाहीत, मनाला लावून घेऊ नका.

ते रागावले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या गृहस्थांची पापणी लवत नाही.

“बरं. मग मी कुठे बसू?”

आता, इथे दुसरा कुणी असता तर त्याने कॉल तोडला असता. पण मी नियमांचं पालन करणारा माणूस. कुणी नियम विचारला की मला तो समजावून सांगायचा मोह आवरत नाही. मी नकाशावर बोट ठेवून त्यांना हद्द कुठून कुठे जाते ते दाखवलं आणि म्हटलं, आमच्या राज्यात येऊन बसला असतात तर काहीतरी करता आलं असतं.

“बरं,” आवाज आला. ओठ हलेपर्यंत पडदा काळा झाला होता.

पुढचा कॉल आला तेव्हा तीच हिरवट भिंत, तीच खुर्ची, हात तसेच गुडघ्यांवर. ठिपका मात्र शेजारच्या राज्यात. मी विचारलं, प्रवासात आहात का? ते म्हणाले, मी कसला प्रवास करतोय, बसलोय तसाच. बायकोने आतून डोकावून पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना ठिपकेराव हे नाव पडलं. तिचं म्हणणं, त्यांचा फोन बिघडलाय. वकीलसाहेबांचं म्हणणं वेगळं. कायद्याच्या दृष्टीने माणूस कुठे आहे याला अर्थ नाही, ठिपका कुठे आहे तेवढंच खरं. आणि ठिपका शेजारच्या राज्यात असेल तर तिथला परवाना काढायला काय हरकत आहे?

काढायला गेलो. शेजारच्या राज्याची परिषद म्हणाली, तुमच्या राज्याची हरकत नसल्याचा दाखला आणा. आपल्या परिषदेने विचारलं, शेजारच्यांनी तुम्हाला घेतल्याचा दाखला आहे का? मी म्हटलं, तुम्ही दिल्याशिवाय ते देत नाहीत. फोनवरच्या बाई म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं. फोन त्यांनी इतका प्रेमाने ठेवला की मला रागावताही आलं नाही. अध्यक्षबाई, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, असंही मी मध्येच म्हणून घेतलं. सचिवांचा पंखा तेवढा फिरत होता.

माझी ही धावाधाव होईपर्यंत ठिपका हद्द ओलांडून आपल्या राज्यात आला. खरं सांगतो, मला आनंद झाला. पेशंट आपल्या हद्दीत आला म्हणजे मूल रांगत रांगत आपल्या मांडीशी आल्यासारखं वाटतं. मी बायकोला हाक मारून पडदा दाखवला. ती म्हणाली, अहो, पण याची भिंत तीच आहे. मी म्हटलं, भिंतीचा परवाना लागत नाही.

मग मी त्यांना दुसरा नियम सांगितला. हीदेखील माझीच हौस. म्हटलं, राज्याचा प्रश्न मिटला, आता एवढंच राहिलं की या गोळ्या हात लावून तपासल्याशिवाय देता येत नाहीत.

“हात लावाल?” त्यांनी विचारलं. त्या आवाजात असं काही होतं की मी खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकवली. खूप दिवसांत त्यांना कुणी तसं म्हटलं नसावं.

“लावीन की. तेच तर माझं काम.”

“बरं. येतो.”

बायकोने विचारलं, पत्ता दिलात? मी म्हटलं, छे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं की ते ॲप दोन्हीकडून सारखंच आहे. जसा मला त्यांचा ठिपका दिसतो, तसा त्यांना माझा दिसत असणार.

यापुढचा भाग मी समितीला जरा खालच्या आवाजात सांगितला, कारण मला माझ्याच आवाजाची भीती वाटायला लागली होती.

आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला गप्पिष्ट आहे. कुणाला काय झालंय ते त्याला माझ्याआधी कळतं. तो म्हणाला, डॉक्टर, काय साथ आली आहे कळत नाही, पण लोकांची झोप उडाली आहे. आधी हद्दीजवळच्या गावांतून झोपेच्या गोळ्यांची मागणी आली, मग घाटाखालून, मग शहराच्या वेशीवरून. गंमत म्हणजे एका गावातली मागणी वाढली की आधीच्या गावातली थांबते. मी घरी येऊन ठिपक्याची वाट नकाशावर पाहिली. हद्दीजवळ, घाटाखाली, शहराच्या वेशीवर. मेडिकलवाल्याच्या गोळ्या आणि माझा पेशंट एकाच रस्त्याने येत होते.

ठिपका भाजीबाजारात होता त्या दिवशी भाजीवाल्या बाईने मला कोथिंबिरीच्या जागी दुसऱ्याच कुणाची पिशवी दिली आणि डोळे उघडे ठेवून ढिम्म बसून राहिली. ठिपका आमच्या रस्त्याला लागला त्या दिवसापासून आमची इमारत जागी. दुपारी नाही, पहाटे नाही, कधीच कुणाचा डोळा लागेना. जिन्यात माणसं भेटली की एकमेकांकडे बघत उभी राहत, कुठे चाललो होतो ते आठवेपर्यंत. वकीलसाहेब माझ्या दारात आले. कोट उलटा घातलेला. इतके दिवस मला कलमं ऐकवणारा माणूस, तो माझा हात धरून म्हणाला, “डॉक्टर, लिहून टाका हो त्याला गोळी. नियम गेला खड्ड्यात.”

मी म्हटलं, तुम्ही वकील ना? तर ते म्हणाले की मी वकील झोपलेला असताना होतो.

पण मी बधलो नाही. एकतर तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही हा नियम, आणि दुसरं म्हणजे इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच मला नियम मोडा म्हणून विनवत होतं; असला मान सहजासहजी सोडवत नाही. बायको मात्र गप्प झाली होती. ती गप्प झाली की मला एकशे पाच ताप आल्यासारखं होतं. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहायची आणि भिंतीकडे बघायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, “आपली भिंत हिरवी कधी झाली हो?”

मी पाहिलं. हिरवी नव्हती. अजून नव्हती.

ठिपकेराव आले त्या दिवशी बेल वाजली नाही. मी कॉल उघडून बसलो होतो आणि नकाशावर त्यांचा ठिपका बरोबर माझ्या ठिपक्यावर होता; दोन्ही मिळून एकच दिसत होता, जरा जास्त निळा. पडद्यावर मात्र कुणी नव्हतं. हिरवट भिंत आणि रिकामी खुर्ची. मी बायकोला विचारलं कुणी आलंय का, तिने नाही म्हणून मान हलवली. मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, कारण भ्यायचं असलं तरी डॉक्टरने नीट पोशाखात भ्यावं, आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. बाहेरच्या अरुंद पॅसेजमध्ये मी एक खुर्ची ठेवलेली आहे. दवाखाना बंद करताना ती एकच घरी आणली, पेशंटला थांबायला. इतक्या दिवसांत तिच्यावर वर्तमानपत्रांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

ते बसले होते. हात गुडघ्यांवर. वर्तमानपत्रं त्यांनी घडी घालून खाली ठेवली होती.

इथे अध्यक्षबाईंनी पहिल्यांदा प्रश्न विचारला. प्रत्यक्ष तपासलंत का, काय आढळलं? बघा, कसलेली डॉक्टर. भूत होतं का, असं नाही विचारलं.

तपासलं, मी म्हटलं, अगदी पद्धतशीर. हात लावला. थंड म्हणावा तर थंड नव्हता. खोलीइतकाच होता, टेबलाचा असतो तसा. नाडी पाहिली, सापडली नाही. दुसऱ्या हाताची पाहिली. त्यात माझीच लागायला लागली, म्हणून सोडून दिली. स्टेथोस्कोप छातीला लावला. रिकाम्या घरात शिरल्यावर जे ऐकू येतं ते ऐकू आलं. बीपीचं मशीन फुगलं, थांबलं आणि चूक झाली असं दाखवून बंद पडलं. मी म्हटलं, श्वास घ्या. ते म्हणाले, कसा? मी घेऊन दाखवला. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं, पण जमलं नाही त्यांना.

सचिवांच्या कपाळाने आक्षेप घेतला. असा पेशंट, मग त्याला पेशंट म्हणता येईल का? मी म्हटलं, साहेब, प्रत्यक्ष तपासणी करावी असं नियमात आहे. तपासणीत काही सापडलंच पाहिजे असं कुठे आहे? कपाळाने नियमांची पानं उलटली. मग म्हणालं, नाही.

राहिलं चिठ्ठीचं. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. ऐकताना अगदी ओळखीचं वाटलं, घरातलंच. लिहायला टेकवलं पेन आणि नाव गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. शेवटी लिहिलं ठिपकेराव. पत्ता विचारला तर त्यांनी खुर्चीचा हात थोपटला. मग मी माझा पत्ता लिहिला. त्यात खोटं काय? पेशंट त्या क्षणी तिथे बसला होता. ज्या नियमाने मला इतके दिवस छळलं, तोच मी पाळला होता. मेडिकलवाल्याला मात्र ठिपकेराव हे नाव आणि माझा पत्ता बघून वाटलं की म्हातारा स्वतःच गोळ्या खातोय. त्याने गोळ्या दिल्या आणि तुमच्याकडे तक्रारही केली. दोन्ही कर्तव्यं एकाच दमात. माझा त्याच्यावर राग नाही.

गोळी मी स्वतःच्या हाताने दिली. पाण्याचा पेला त्यांनी धरला, बायकोने दाराआडून पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आत काही नव्हतं. म्हणजे दात, जीभ वगैरे असेल, पण मला दिसला तो नुसता अंधार, आणि गोळी त्यात पडल्याचा आवाज फार उशिराने आला. विहिरीत खडा टाकल्यासारखा.

मग आम्ही थांबलो. मी, ती आणि ते. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून उभा होतो, नाडीसाठी नव्हे, हात लावीन असं कबूल केलं होतं म्हणून. आणि हळूहळू, अध्यक्षबाई, त्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. गंजलेलं शटर ओढावं तशा, अडकत अडकत. त्या मिटल्या मात्र, आमची सबंध इमारत झोपली. भर दुपारी. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपली. जिन्यात वकीलसाहेब पायरीवर, मांडीवर भाजीची पिशवी. रस्त्यावरचा रिक्षावाला हँडलवर मान टाकून. कुकर गॅसवर होता. त्यानेही शिट्टी दिली नाही.

एवढं सांगून मी जरा थांबलो. माझं मलाच छान वाटलं होतं. आता शेवट तेवढा राहिला होता, आणि शेवट नीट झाला तरच नाव राहणार होतं. पेशंट आला, तपासला, औषध दिलं, एवढ्याने भागत नाही. तो बरा होऊन गेला असं असलं तरच प्रकरण मिटतं. नाहीतर पुन्हा तपासणी, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा परवानगी, आणि माझ्या वयाला ते झेपणारं नाही.

म्हणून मी सांगितलं, ठसक्यात सांगितलं, की ठिपकेराव शांत झोपले. लहान मुलासारखे. दुसऱ्या दिवशी उठले, कोटाचं बटण नीट केलं, मला हात जोडले आणि जिना उतरून गेले. त्यांचा ठिपका मी स्वतः नकाशावर पाहिला: बाजार, वेस, घाट, हद्द, आणि हद्दीपलीकडे विझला. तेव्हापासून आमच्याकडे सगळे गाढ झोपतात. मीही. बायको तर घोरते, तिला सांगू नका. तात्पर्य, पेशंट होता, माझ्या घरात होता, माझ्या राज्यात होता, मी हात लावून तपासला होता, आणि उपचार संपलेला आहे. फाइल मिटवायला हरकत नसावी.

सचिवांचं कपाळ समाधानी दिसलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

अध्यक्षबाई मात्र मघापासून काहीच लिहीत नव्हत्या. माझ्या कानाच्या जरा वर, मागे कुठेतरी त्यांची नजर लागली होती. मला वाटलं, कपाटातली पुस्तकं वाचताहेत. वकीलसाहेबांची असली म्हणून काय झालं, जाडी तर माझ्याच खोलीत होती. मी जरा बाजूला सरकून त्यांना नीट दिसू दिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “हलू नका. पेशंट खरा आहे, तुमच्याच घरात आहे, हे मी मान्य करते. तुमचं नाव राहील.”

मी आभार मानायला तोंड उघडलं.

“पण तो गेला, हे साफ खोटं बोललात. ते गृहस्थ तुमच्या मागे बसलेत. आणि तुम्ही ‘शांत झोपले’ म्हणालात तेव्हापासून ते माझ्याकडे बघून सारखी नकारार्थी मान हलवताहेत.”